नोंदवहीतला मासा आणि जाळ्यातला मासा : पकडीची नोंद खरी कशी होईल?

भरतीओहोटी

गेली सहा वर्षं मी मासेमारी बोटींच्या नोंदवह्या संगणकात भरते आहे. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, समुद्रावर जे लिहितो ते कागदावर आमच्याकडे येतं. आम्ही मासळीच्या पाट्यांचे किलो करतो, प्रजातींचे संकेतांक टाकतो आणि आकडे पुढे पाठवतो. त्यावरून शास्त्रज्ञ समुद्रातल्या मासळीच्या साठ्याचा अंदाज बांधतात आणि पुढच्या हंगामाचा कोटा ठरतो. या साखळीच्या पहिल्याच कडीला माझा रोज हात लागतो, आणि ती कडी कच्ची आहे हेही रोज दिसतं.

सात दिवसांच्या फेरीतल्या सातही नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेल्या असतात. आकडे 10, 20, 50, 100. कोणाच्याही जाळ्यात रोज बरोबर 50 पाट्या येत नाहीत. 'टाकून दिलेली मासळी' हा रकाना दहापैकी नऊ पानांवर कोरा. कोरा म्हणजे काही टाकलं नाही, की टाकलं पण लिहिलं नाही? हे ठरवायचा नियमच नाही, म्हणून संगणकात शून्य जातं. आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट ही, की लिलावाच्या काट्यावर भरलेलं वजन नोंदवहीतल्या वजनापेक्षा सव्वापटीहून थोडं जास्तच निघतं, आणि हे महिनोन्महिने चालू आहे. सगळे धरून चालतात की तांडेल कमी लिहितात. मीही तेच धरत आले.

निरीक्षक, कॅमेरे, मोबाइल ॲप यांबद्दल पुष्कळ वाचून झालं. ज्यांनी बोटीवर, बंदरावर किंवा आकडेवारीत स्वतः काम केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे. नोंद खरी व्हायला नेमकं काय लागतं?

मोजमाप

धागा काढलात हे फार बरं झालं. आधी एक भेद स्पष्ट करू, नाहीतर पुढची सगळी चर्चा घसरेल. जाळ्यात आलेली मासळी, बोटीवर ठेवलेली मासळी आणि बंदरावर उतरवलेली मासळी हे तीन वेगळे आकडे आहेत. 'पकड' म्हणून जे छापलं जातं ते बहुतेक ठिकाणी तिसरं असतं. साठ्यातून मात्र पहिला आकडा वजा होतो, कारण टाकून दिलेल्यातली बरीच मासळी जगत नाही.

हा फरक किती मोठा आहे? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 2019 मध्ये जो आढावा काढला, त्यात 2010 ते 2014 या काळात वर्षाला सुमारे 91 लाख टन मासळी समुद्रात परत फेकली गेल्याचा अंदाज आहे. एकूण पकडीच्या 10.8 टक्के. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा तळाशी ओढायच्या ट्रॉल जाळ्यांचा. डॅनियल पॉली आणि डर्क झेलर या मत्स्यशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये देशोदेशीच्या न नोंदलेल्या मासळीचा हिशेब जुळवून जागतिक पकड नव्याने मांडली. त्यांच्या मते 1996 साली ती 13 कोटी टनांपर्यंत गेली होती. अधिकृत आकडा होता 8 कोटी 60 लाख.

तुमच्या 10, 20, 50 ची मला फारशी काळजी वाटत नाही. गोळाबेरीज आकडे कधी वर चुकतात, कधी खाली. हजारो नोंदींत त्या चुका एकमेकींना मारतात. कोरा रकाना मात्र एकाच दिशेने चुकतो, आणि कितीही नोंदी गोळा केल्या तरी ती चूक कमी होत नाही. उद्यापासून फॉर्म बदलता येत असेल तर एवढंच करा : टाकलं नसेल तर 'शून्य' असं लिहायलाच लावा, कोरं पान परत पाठवा. खर्च काही नाही.

निळीरेघ

कोऱ्या रकान्याच्या मुद्द्याला +1. वाचतेय.

तांडेलाचापोर

मी बोटवाल्यांच्या घरातला. बाबा तांडेल होते, मी बारा वर्षं त्यांच्याबरोबर खलाशी म्हणून गेलो, आता बोटीचा हिशेब बघतो. माझं म्हणणं जरा रोखठोक आहे, राग मानू नका.

ताई, ती नोंद एका बैठकीत लिहिलेली असते कारण जाळं ओढताना लिहिता येत नाही. पहाटे तीनला जाळं वर येतं, हात ओले, डेक हलतंय, मासळी निवडून बर्फात जाईपर्यंत कोणाला उसंत नसते. मग पुढचं जाळं. कागद केबिनमध्ये, आणि केबिनमध्ये तांडेल चार तास झोप मिळाली तर घेतो. बंदर दिसायला लागलं की वही निघते.

दुसरं कारण जास्त खोल आहे. बाबांनी एका हंगामात सगळं खरं लिहिलं. पिल्लं किती आली, कुठे आली, किती टाकली. पुढच्या वर्षी नेमका तोच पट्टा बंद झाला. ज्यांनी काही लिहिलं नव्हतं त्यांचे पट्टे उघडे राहिले. पट्टा बंद करणं बरोबर असेलही, त्यावर माझा वाद नाही. पण त्या दिवसापासून आमच्या बंदरातल्या प्रत्येक तांडेलाला कळलं की खरं लिहिणाऱ्याचं नुकसान होतं.

आणि तिसरं. इतक्या वर्षांत आमच्या नोंदींचं काय झालं हे एकदाही कोणी येऊन सांगितलं नाही. एक कागद परत आला नाही. विहिरीत दगड टाकला तर निदान आवाज तरी येतो.

भरतीओहोटी

राग कसला? हेच ऐकायचं होतं. तुमचे कागद माझ्यासारखीच्या टेबलावर येतात आणि मी त्यातलं काहीच परत पाठवत नाही. पाठवायचं असतं असं मला कोणी सांगितलंही नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. हे मनाला लागलं.

दुर्बीण

मी निरीक्षक म्हणून बोटींवर चार वर्षं काढली. निरीक्षक म्हणजे पोलीस नाही. तो नमुने मोजतो, लांबी घेतो, कासव-पक्षी अडकले तर लिहितो, टाकलेल्याचा अंदाज करतो. पण डेकवर त्याच्याकडे बघणाऱ्या नजरा पोलिसाकडे बघाव्या तशाच असतात.

निरीक्षकाची माहिती सगळ्यात श्रीमंत. कॅमेऱ्याला माशाच्या पोटातली अंडी दिसत नाहीत, कानातला खडा काढून वय ठरवता येत नाही. पण एक माणूस दिवसाचे चोवीस तास जागा राहू शकत नाही, आणि सगळ्या बोटींवर माणूस देणं बहुतेक ठिकाणी परवडत नाही. पश्चिम आणि मध्य प्रशांत महासागरात वेढा-जाळ्यांच्या ट्युना बोटींवर 2010 पासून प्रत्येक फेरीला निरीक्षक असतो. त्याच समुद्रातल्या लांबदोरीच्या (गळ लावलेल्या लांब दोराने मासे धरणाऱ्या) बोटींसाठी किमान प्रमाण ठरलंय 5 टक्के. उरलेल्या 95 टक्क्यांबद्दल मिळतो तो फक्त तांडेलाचा शब्द.

ज्या फेरीत मी बोटीवर असायचो ती फेरी वेगळीच असायची. जाळी कमी वेळ ओढली जायची, पिल्लांच्या जागा टाळल्या जायच्या. मग त्या 5 टक्क्यांवरून सगळ्यांचा अंदाज काढला की तो सौम्यच येणार.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. समुद्रात निरीक्षक एकटा असतो. धाक दाखवणं, लाच देऊ करणं, जेवणावरून अडवणं हे माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी सोसलंय. काही देशांचे निरीक्षक समुद्रात बेपत्ता झाले, काहींचे मृत्यू संशयास्पद होते. प्रशांत महासागरातल्या त्याच भागाच्या मत्स्य आयोगाने 2016 मध्ये निरीक्षकांच्या सुरक्षेचे बंधनकारक नियम केले : निरीक्षक बेपत्ता झाला तर बोटीने मासेमारी तिथल्या तिथे थांबवून शोध घ्यायचा. असा नियम लिहून काढावा लागला, यावरून काय ते समजा. आकडे खरे हवे असतील तर आकडे आणणारा माणूस घरी परत आला पाहिजे.

मोजमाप

दुर्बीण, निरीक्षक असलेल्या फेऱ्या वेगळ्या असतात हे आकड्यांतही दिसतं. अशा फेऱ्या आणि बाकीच्या फेऱ्या यांचा कालावधी, जागा, उतरवलेल्या मासळीचं मिश्रण शेजारी ठेवून बघितलं की फरक लगेच उघडा पडतो. निरीक्षक कुठल्या फेरीला जाणार हे मालकाच्या सोयीने न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवलं तर निदान बोटींची निवड तरी निःपक्ष होते. वागण्यातला बदल तरीही उरतोच.

निळीरेघ

आता लिहिते. तुम्हा तिघांच्याही अडचणीला जवळ जाणारी एक पद्धत आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात गळ-दोरीने तळाची मासळी पकडणाऱ्या बोटींवर ती 2006 पासून चालते.

प्रत्येक फेरीत बोटीवर कॅमेरे किंवा निरीक्षक, दोन्हींपैकी एक हवाच. बहुतेकांनी कॅमेरे निवडले. दोर ओढायचं यंत्र सुरू झालं की चित्रण सुरू होतं. तांडेल आपली वही भरतो : कुठली प्रजाती, किती नग, किती ठेवले, किती सोडले. बंदरावर प्रत्येक बोटीची मासळी त्रयस्थ माणूस मोजतो. मग चित्रणातून साधारण 10 टक्के ओढी (एकदा दोर वर ओढला की एक ओढ) चिठ्ठी टाकून निवडतात आणि त्यातले मासे बघून वहीशी ताडतात. जुळलं तर वहीच अधिकृत नोंद होते. फारच तफावत निघाली तर सगळं चित्रण तपासलं जातं, आणि त्याचा खर्च बोटीवर.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की कॅमेरा तिथे मासे मोजायला नाही, तो वही तपासायला आहे. तांडेलाचा शब्द खोटा ठरवायच्या ऐवजी तो खरा असल्याचा पुरावा त्याच्याच हातात येतो. कुठल्या 10 टक्के ओढी बघतील ते माहीत नसल्याने सगळ्याच नीट लिहाव्या लागतात. सगळं चित्रण बसून बघायचा खर्चही वाचतो.

न्यूझीलंडमध्ये किनाऱ्याजवळच्या बोटींवर कॅमेरे बसवले तेव्हा पहिल्या 127 बोटींचे आकडे सरकारने जाहीर केले होते. टाकून दिलेल्या मासळीची नोंद 46 टक्क्यांनी वाढली, अल्बाट्रॉस अडकल्याच्या नोंदी साडेतीन पट झाल्या. समुद्रातले पक्षी एका हंगामात साडेतीन पट होत नाहीत. बदललं ते लिहिणं.

मोजमाप

निळीरेघ, इथे मला मध्येच शिरावं लागेल. नोंद सुधारली की आलेख वर जातो, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की पकड वाढली. जुन्या वर्षांचे आकडे त्याच मापाने दुरुस्त केले नाहीत तर सुधारणेनेच खोटा कल तयार होतो. समजा पूर्वी 30 टक्के सुटत होतं, आता 5 टक्के सुटतं, तर हे लिहून ठेवायला हवं आणि मागचे आकडे त्याप्रमाणे उचलायला हवेत. नवी पद्धत सुरू करताना निदान एक हंगाम जुनी आणि नवी दोन्ही शेजारी चालवा. त्याशिवाय हा दुवा मिळत नाही.

आणि चूक कमी लिहिण्याचीच असते असंही नाही. रेग वॉटसन आणि पॉली यांनी 2001 मध्ये दाखवलं होतं की चीनची नोंदलेली पकड तिथल्या समुद्राच्या उत्पादनक्षमतेत बसतच नव्हती. स्थानिक अधिकाऱ्यांची बढती उत्पादनवाढीवर ठरायची, आकडे वाढत गेले. त्यामुळे 1990 च्या दशकात जगाची पकड वाढते आहे असं दिसत होतं. त्यांच्या दुरुस्तीनंतर ती 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून उतरताना दिसली.

तांडेलाचापोर

वही हीच अधिकृत नोंद, ही गोष्ट आवडली. हे पहिल्यांदाच ऐकलं. आमच्याकडे कॅमेऱ्याचं नाव काढलं की लोक उठून जातात, कारण त्यांना वाटतं की कॅमेरा म्हणजे आमच्यावर पाळत.

तरी माझे प्रश्न आहेत. लहान बोटीवर खलाशी डेकवरच राहतो, जेवतो, कपडे बदलतो. चित्रण कोण बघणार? किती वर्षं ठेवणार? आणि माझी जागा, बाबांनी चाळीस वर्षांत शोधलेली जागा, दुसऱ्या बोटीला कळणार नाही याची हमी कोण देणार?

निळीरेघ

हे प्रश्न आधी सोडवले नाहीत तर कॅमेरा बसतो पण त्याच्या काचेवर मुद्दाम ग्रीस लागतं. चांगल्या करारात चार गोष्टी लेखी असतात : कॅमेरा फक्त जाळं ओढायच्या आणि मासळी निवडायच्या जागेवर रोखलेला, चित्रण बघणारे त्रयस्थ, किती महिन्यांनी पुसायचं ते ठरलेलं, आणि ते दुसऱ्या कुठल्या कामासाठी वापरायचं नाही ही अट. जागेबद्दल अमेरिकेत असा दंडक आहे की तीनपेक्षा कमी बोटींची माहिती ज्यातून ओळखू येईल असा आकडा जाहीर करायचाच नाही.

खलाशांच्या बाजूने एक सोपं काम असतं : काच रोज पुसणं, आणि मासा टाकायचा तर ठरलेल्या एकाच जागेवरून, कॅमेऱ्यासमोरून टाकणं. यंत्राने प्रजाती ओळखण्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकू येतात. लांबी मोजायला ते बऱ्यापैकी जमतं. ढिगात एकमेकांवर पडलेल्या सारख्या दिसणाऱ्या माशांचं मात्र अजून अवघडच आहे.

युरोपीय संघाने 2023 मध्ये नियम केलाय : 18 मीटर किंवा त्याहून लांब आणि नियम मोडण्याचा धोका जास्त असलेल्या बोटींवर जानेवारी 2028 पासून कॅमेरे. तिथे मासळी टाकून देण्यावर बंदी 2015 पासून टप्प्याटप्प्याने आली, 2019 मध्ये पूर्ण लागू झाली. पण समुद्रात बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळे टाकणं बऱ्याच ठिकाणी चालूच राहिलं.

काठावरची

सगळी चर्चा मोठ्या बोटींची चालली आहे. जिथे बोट सहा मीटरची आहे, कॅमेरा बसवायला खांब नाही, मासळी बंदरात न येता वाळूवर उतरते आणि उतरल्या उतरल्या विकली जाते, तिथे काय? 2023 च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जगाच्या एकूण पकडीपैकी किमान 40 टक्के वाटा लहान मासेमारांचा निघाला. त्यात पायी जाऊन शिंपल्या, खेकडे गोळा करणाऱ्या बायकाही येतात. त्यांच्याकडे परवाना नाही, म्हणून वही नाही, म्हणून कागदावर त्यांनी कधी मासा पकडलेलाच नाही.

इथे प्रत्येकाकडून वही मागण्यात अर्थ नाही. नमुना घ्यावा लागतो. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था अनेक दशकं हेच करते आहे. किनारा आणि महिना यांचे भाग पाडायचे, त्यातून उतरण्याची केंद्रं आणि दिवस चिठ्ठीने निवडायचे. माणूस एका दिवशी दुपारी 12 ते संध्याकाळी 6 आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ते 12 बसतो. मधल्या रात्रीची मासळी चौकशी करून लिहितो. बोटी 15 पर्यंत आल्या तर सगळ्या, जास्त आल्या तर त्यातल्या काही. साधी, दमछाक करणारी, पण उभी राहणारी पद्धत.

मी असं मोजायचं काम केलंय. खरी माहिती मला तांडेलांपेक्षा मासळी विकत घेणाऱ्या बायकांनी दिली. कोणत्या बोटीला काय आलं, कुठली मासळी यंदा लहान येते, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना विचारायचा रकाना कुठल्याही फॉर्मवर नव्हता.

खवले

प्रजातीच्या नावांकडे कोणी वळत नाहीये, म्हणून लिहितो. वजन बरोबर असलं आणि नाव चुकीचं असलं तर ती नोंद साठ्याच्या कामाची नाही. पाकट, मुशी यांच्या बाबतीत हे सर्रास होतं. हळू वाढणाऱ्या, उशिरा विणाऱ्या जाती आणि भराभर वाढणाऱ्या जाती एकाच नावाखाली जातात, मग हळू वाढणारी जात संपत आली तरी त्या नावाचा आकडा टिकून दिसतो. जगाच्या आकडेवारीतसुद्धा 'अन्यत्र न नोंदलेले सागरी मासे' या रकान्यात दरवर्षी प्रचंड मासळी जाते. बोटीवर चिकटवता येईल असा, पाण्याने न भिजणारा, फोटोंचा तक्ता आणि त्यावर तिथली बोलीतली नावं, एवढ्याने खूप फरक पडतो. लॅटिन नाव टेबलावर बसणाऱ्याने जोडावं.

दुसरी गोष्ट रूपांतराची. मासा आतडी काढून येतो, कधी डोकं काढून, कधी गोठवून. त्याचं जिवंतपणीचं वजन काढायला गुणक वापरतात. युरोपीय संघात आतडी काढलेल्या कॉड माशासाठी 1.17 धरतात. गुणक थोडा चुकला तर प्रत्येक फेरीत, प्रत्येक बोटीला, वर्षानुवर्षं तीच चूक. शार्कच्या बाबतीत कापलेल्या पंखांच्या वजनावरून आख्ख्या माशाचा हिशेब करायचे आणि त्या गुणकाच्या आडून वाटेल तेवढे मासे लपवता यायचे. म्हणून 2013 पासून युरोपीय संघाने पंख अंगाला जोडलेलेच हवेत असा नियम केला. तिथे गुणकाचा प्रश्नच मिटला.

दुर्बीण

बंदरावरचा काटासुद्धा निरागस नसतो. स्कॉटलंडमध्ये 2002 ते 2005 या काळात मॅकरेल आणि हेरिंग मोठ्या प्रमाणावर न नोंदता उतरवली गेली. कारखान्यात गुप्त वजनकाटे होते. 2012 मध्ये कितीतरी तांडेलांना शिक्षा झाल्या. पकडलं गेलं ते विक्रीच्या हिशेबांतून.

दक्षिणी निळ्या पंखाच्या ट्युनाचंही तसंच. 2006 मध्ये जपानच्या बाजाराची तपासणी झाली तेव्हा नोंदलेल्या पकडीपेक्षा कितीतरी जास्त मासे वर्षानुवर्षं विकले गेल्याचं दिसलं. जपानचा कोटा 6,065 टनांवरून 3,000 टनांवर आला, आणि 2010 पासून प्रत्येक माशाला वेगळ्या क्रमांकाची खूणचिठ्ठी लागते. बोट, बंदर, खरेदीदार, निर्यात असे चार हातांनी लिहिलेले चार कागद एकमेकांशी ताडले की एकट्याला खोटं सांभाळणं जड जातं.

तांडेलाचापोर

पटतं. पण जुळलं नाही की आधी तांडेलाला पकडू नका, एवढं म्हणतो. आणि खरं लिहिणाऱ्याला काही मिळेल असं बघा.

मोजमाप

त्याचीही उदाहरणं आहेत. नॉर्वेत मासळी टाकायला 1987 पासून बंदी आहे. कोट्याबाहेरची मासळी अनवधानाने आली तर ती उतरवायची, किंमत जप्त होते, पण उतरवण्याच्या श्रमाचे म्हणून किमतीच्या 20 टक्के बोटीला मिळतात. मुद्दाम पकडावी एवढे पैसे नाहीत, आणि फेकून द्यावी इतके कमीही नाहीत. न्यूझीलंड कोट्याबाहेरच्या मासळीवर शुल्क लावतं. ते जास्त ठेवलं तर मासळी समुद्रात जाते, कमी ठेवलं तर लोक तीच मासळी धरायला जातात. हा काटा सतत हलवत राहावा लागतो, एकदा ठरवून विसरता येत नाही.

पट्टा बंद होण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याला जोडून पेरूचं सांगतो. तिथे अँचोव्हीच्या पिल्लांची नोंद बोटीने समुद्रातूनच कळवायची, आणि त्या नोंदींवरून तो भाग काही दिवस बंद करायचा अशी सोय 2016 पासून आहे. कल्पना चांगली. पण नंतरच्या एका अभ्यासात दिसलं की अशा तात्पुरत्या बंदीने पिल्लांची एकूण पकड उलट वाढली. बंदी जाहीर झाली म्हणजे इथे मासळी आहे अशी वर्दीच मिळते, आणि बोटी बंद भागाच्या कडेला येऊन जमतात. माहिती गोळा करणं आणि ती कधी, किती तपशिलाने जाहीर करायची, हे दोन वेगळे निर्णय आहेत.

काठावरची

तांडेलांना परत काहीच कळवलं जात नाही, याची किंमत कॅनडातल्या न्यूफाउंडलंडने मोजली आहे. 1980 च्या दशकात किनाऱ्याजवळचे मासेमार सांगत होते की कॉड लहान येते, कमी येते. मोठ्या ट्रॉलरांची दर तासाची पकड मात्र चांगली दिसत होती. उरलेली कॉड दाट थव्यांत गोळा होत होती आणि यंत्रांना ते थवे अचूक सापडत होते. हिशेबात वजन पडलं ट्रॉलरांच्या आकड्यांना. 2 जुलै 1992 रोजी मासेमारी बंद करावी लागली, सुमारे 30,000 लोकांचं काम गेलं. व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू व्हायला 2024 साल उजाडलं. नोंद दोन्ही दिशांनी वाहिली असती तर काय झालं असतं, हे मी कितीदा मनात घोळवलंय.

भरतीओहोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हे सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. कॅमेरे आणि करार माझ्या हातात नाहीत. माझ्या हातात फॉर्म आहे आणि छपाईयंत्र आहे. कोऱ्या रकान्याची गोष्ट वरिष्ठांशी बोलले, पुढच्या छपाईत 'शून्य असल्यास शून्य लिहा' अशी ओळ येणार आहे. दुसरं, प्रत्येक बोटीला महिन्याला एक पान परत पाठवायचं ठरवलंय. तिच्याच नोंदी, फक्त तिलाच.

तांडेलाचापोर, तुम्हीच सांगा, त्या पानावर काय असलं तर तुमचा तांडेल ते वाचेल?

तांडेलाचापोर

ताई, हे केलंत तर मी स्वतः बोटीबोटीवर जाऊन वाटीन.

मोठ्या अक्षरात असू द्या. यंदाच्या महिन्याशेजारी गेल्या वर्षीचा तोच महिना. प्रजाती चार-पाचच, ज्यांच्यावर धंदा चालतो त्या. आलेख नको. आणि आम्ही पाट्या लिहितो, तुम्ही किलो छापाल, तर एका पाटीला किती किलो धरले तेही वर लिहा. नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल.

भरतीओहोटी

पाटीला 25 किलो. आम्ही पहिल्यापासून तेच धरतो.

तांडेलाचापोर

25? ती जुनी पाटी. आमच्या बंदरात गेली सात-आठ वर्षं सगळ्यांकडे मोठी प्लॅस्टिकची पाटी आहे. बर्फ वगळून 32 किलो भरते. मी आत्ता काट्यावर ठेवून बघून आलो, तीन पाट्या : 31, 32, 33.

मोजमाप

32 भागिले 25 म्हणजे 1.28. भरतीओहोटी, तुमची सव्वापटीहून थोडी जास्त तफावत.

भरतीओहोटी

हो. बघितलं. आत्ता गेल्या वर्षाच्या तुमच्या बंदरातल्या सगळ्या बोटी 32 ने गुणून पाहिल्या. 41 बोटींपैकी 34 लिलावाच्या वजनाशी जवळजवळ जुळतात. सात जुळत नाहीत, त्या नंतर बघू.

सहा वर्षं मी या चौतीस जणांना मनात खोटं ठरवत आले. दादा, त्यांना माझ्या वतीने सांगाल? नाही, तुम्ही नको. मीच येते. येताना काटा घेऊन येते, बाकीच्या बंदरांतल्या पाट्याही मोजायच्या आहेत. कुठल्या दिवशी बोटी लागलेल्या असतात?

तांडेलाचापोर

पौर्णिमेच्या आसपास या. आमच्या बऱ्याचशा बोटी तेव्हा बंदरात असतात. सकाळी लवकर या, लिलाव संपायच्या आत.

काठावरची

मीही येते. विकत घेणाऱ्या बायकांशी बोलायला तुम्हाला कोणीतरी लागेल.